घटातलं परदेशी नाणं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भोकरदनच्या एका घराच्या मागच्या खोलीत, खताच्या रिकाम्या गोणीखाली मी पडून आहे. उंदरांनी माझ्या पोटात कुठून कुठून कापूस आणून ठेवला आहे. तुम्ही आत्ता गोणी काढून मला वीज दिलीत आणि तारीख विचारलीत, तर मी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी अशी सांगेन. तेव्हा माझा जन्मसुद्धा झालेला नव्हता. तरी तीच सांगेन, आणि ठासून सांगेन. माझ्या या तारखेपायी एका भल्या मुलीचं नाव बुडालं. ते कसं बुडालं ते तुम्हाला सांगायचं आहे. मला आता दुसरं काही काम उरलेलं नाही.

माझा जन्म जालन्यातला. मस्तगडात एका दुकानात पोरांनी पेचकसाने मला जोडलं. आतला एकेक भाग वेगळ्या देशातून आलेला, पण माझ्यावर हळदीकुंकू पडलं ते जालन्याचंच. तिथून मी एका बियाण्याच्या कचेरीत गेलो. तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! माझ्यासाठी खोलीला पडदे लावले होते, आणि आत येणारा माणूस दाराशी चपला काढत असे. पण सरकारी बाबू आणि संगणक या दोघांची ऐट खुर्चीवर असेपर्यंतच. चार-पाच वर्षांत नवी यंत्रं आली, माझे पडदे त्यांना गेले आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत गेलो. भंगारवाल्याच्या काट्यावर चढायचा दिवस आला, तेव्हा कचेरीतल्या गाडीच्या ड्रायव्हरने मला मागून घेतलं. त्याचं नाव धर्मराज. त्याने मला पोत्यात गुंडाळून भोकरदनच्या एस.टी.च्या टपावर चढवलं आणि घरी नेऊन बहिणीपुढे ठेवलं.

"बेबी, घे. भंगारात चालल्ता. तुह्या कामाचा हाय का बघ."

ही बहीण म्हणजे बेबीनंदा. जालन्याच्या कॉलेजात ती संगणकाचं शिकली होती. पुण्याला नोकरीला जायचं ठरत होतं, तेवढ्यात वडील गेले, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बेत बारगळला. आजोबांपर्यंत या घराने मेंढरं राखलेली. मेंढरू कितीही मरतुकडं असलं तरी त्याला वाटेत टाकून पुढे जायचं नाही, अशी त्यांची रीत. बेबीनंदाने ती रीत माझ्यासाठी चालवली. माझं एका बाजूचं पत्र्याचं झाकण हरवलं होतं, म्हणून मी उघड्या पोटाने चालू लागलो. फ्लॉपीचा खण मोडला होता, म्हणून चालू होताना दरवेळी मी तक्रारीचं एक वाक्य पडद्यावर लिहायचो आणि 'पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' म्हणायचो. बेबीनंदा हसून एफ-वन दाबायची. पुढे पुढे तर ती ते वाक्य वाचतसुद्धा नसे. हे लक्षात ठेवा.

समोरच्या खोलीत तिने क्लास काढला. माझ्यासारखीच आणखी काही टाकाऊ यंत्रं गोळा केली. आसपासच्या खेड्यांतल्या मुली एस.टी.ने यायच्या आणि पहिल्यांदा कळफलकाला बोट लावताना 'करंट तर न्हाई ना बसनार?' असं विचारायच्या. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

आता थापीबद्दल सांगतो. एखादा मोठा प्रोग्राम म्हणजे शेकडो फाइली असतात. त्या कोणत्या क्रमाने जोडायच्या, कोणती फाइल नवी झाली, कोणती जुनीच आहे, हे बघून सगळ्यांचा मिळून एक प्रोग्राम बांधून देणारं एक हत्यार असतं. बेबीनंदा जे वापरायची त्याचं इंग्रजी नाव गवंड्याच्या थापीवरून पडलेलं होतं, म्हणून घरात सगळे त्याला थापीच म्हणत. ही थापी कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरातली माणसं ती बिनपैशाने बनवत होती. कुणीही वापरावी, कुणीही आत डोकवावं, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. मात्र कुणाचीही दुरुस्ती थेट आत जात नसे. दुसऱ्या कुणीतरी ती तपासून 'बराबर आहे' म्हणावं लागे. या तपासण्यावरच सगळा कारभार चालला होता.

एकदा थापीची नवी आवृत्ती आली आणि माझ्यावर चालेनाच. ती सगळ्या फाइली एकदम डोक्यात घेऊ पाहायची, आणि माझं डोकं ते केवढं! मी मध्येच गच्च होऊन थांबायचो. दुसऱ्या कुणी मला उचलून फेकलं असतं. बेबीनंदाने थापीच उघडली. कित्येक दिवस खपून तिने आत काही ओळी घातल्या: यंत्र लहान असेल तर घास लहान घ्यायचा, एकेक फाइल करत पुढे जायचं. बसस्थानकासमोरच्या सायबर कॅफेत जाऊन तिने त्या पाठवल्या, आणि त्या स्वीकारल्या गेल्या. जुन्या यंत्रांसाठीचा कोणताही बदल यापुढे बेबीनंदाला विचारल्याशिवाय करायचा नाही, असंही ठरलं. भोकरदनमध्ये हे कुणाला कळलं नाही. कळून काय करणार होते? पण ती त्या दिवशी घरी आली, माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याला इचारल्याबिगर आता काही व्हनार न्हाई बरं का." मला 'आपल्याला' म्हणणारं माणूस तेवढं एकच.

मित्रांनो, माझ्या पोटात आठाण्याच्या नाण्याएवढा एक चकचकीत गोल सेल असायचा. वीज गेली तरी मला दिवस-वेळ आठवत राहायची ती त्याच्या जोरावर. त्याची खोबण सैल झाली होती. बदलायला हवी, असं बेबीनंदा म्हणायची आणि राहून जायचं.

दोन हजार सहा सालचं नवरात्र जवळ आलं. घट बसण्याआधी आमच्याकडे घर कसं धुवून निघतं ते तुम्हाला माहीत आहेच. चतुराबाईंनी, म्हणजे बेबीनंदाच्या आईने, गोधड्या केळणा नदीवर नेऊन धुतल्या, भिंती पोतारल्या, माळ्यावरचं अडगळीचं सामान खाली आणून निम्मं फेकून दिलं. लेक कॅफेत गेलेली असताना त्यांची नजर, जेवढी होती तेवढी, माझ्याकडे वळली. उघड्या पोटात धूळ बघून त्यांना राहवेना. त्यांनी कुंचा घेतला आणि माझी आतडी झाडायला सुरुवात केली. खरं सांगतो, बरं वाटलं. पण एका फटकाऱ्यासरशी सेल खोबणीतून उडाला आणि फरशीवर गोल गोल फिरून त्यांच्या पायाशी पडला.

त्यांनी तो उचलला. अंगठ्याने चाचपला. डोळ्यांशी नेला. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. चतुराबाईंना एवढं ठाऊक होतं की आपली पोरगी परदेशच्या लोकांचं काम करते आणि ते तिला पैसा देत नाहीत. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं माय! परदेशाचं नाणं! साफसफाईत लक्ष्मी घावली."

दुसऱ्या दिवशी घट बसला. काळ्या मातीत धान्य पेरलं, वर पाण्याने भरलेला घट ठेवला. घटात सुपारी, हळकुंड आणि एक नाणं घालतात. दरसाल त्यात साधा रुपया जायचा. या साली चतुराबाईंनी रुपया बाजूला ठेवला आणि माझा सेल घातला. हात जोडून पुटपुटल्या, "माय, माह्या लेकीला त्या परदेशात नाव दे. खर्चाचं पाहू आमी, तू नाव दे फक्त." आणि पहिली माळ बांधली. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. मी हे सगळं बघत होतो. मला तोंड असतं तर!

त्याच आठवड्यात वॉल्टर नावाच्या एका परदेशी माणसाने थापीची छोटीशी साफसफाई काढली. माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं असं, की जुन्या यंत्रांसाठीच्या या ओळी फार गुंतागुंतीच्या झाल्या आहेत. आपण बाकीची मांडणी सुधारली आहे, तेव्हा आता त्यांच्याशिवायही लहान यंत्रांवर काम व्हावं. बेबीनंदाने तिच्या यंत्रावर तपासून सांगावं. चाललं तर ओळी काढू, नाही चाललं तर राहू देऊ.

त्या ओळी तिच्या स्वतःच्या होत्या. पेनड्राइव्हवर बदल घेऊन ती घरी आली ती उतरल्या चेहऱ्यानेच. पण अडून बसायचा तिचा स्वभाव नव्हता. "चालतं तर चालतं. माह्या ओळी हायेत म्हनून काय त्यांला पुजायचं?" असं स्वतःशीच म्हणत तिने मला चालू केलं.

भारनियमन होतंच. दिवसातून कितीदा तरी वीज जायची, आणि सेल नसल्यामुळे वीज गेली की माझी दिवस-वेळेची आठवण पुसली जायची. परत चालू झालो की मला वाटायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. पडद्यावर मी लिहिलंही होतं, 'घड्याळ हरवलं आहे, वेळ लावा.' पण ते लिहिलं होतं फ्लॉपीच्या नेहमीच्या तक्रारीखाली, आणि त्याखाली 'एफ-वन दाबा'. तिने सवयीने एफ-वन दाबलं.

मग तिने वॉल्टरचा बदल थापीत घातला आणि जुन्या थापीला सांगितलं, ही नवी थापी बांध. आता बघा काय झालं. थापी फाइलींच्या तारखा बघते. बदललेल्या फाइलींवर मी तारीख घातली होती एकोणीसशे ऐंशीची. आधी बांधून ठेवलेली थापी होती दोन हजार सहाची. थापी म्हणाली, बांधलेलं काम ताजं आहे, फाइली तर पार जुनाट आहेत, नव्याने काही बांधायचं कारण नाही. आणि तिने काहीच बांधलं नाही. बेबीनंदाने मग जी थापी चालवून पाहिली ती आधीचीच होती, तिच्याच ओळी असलेली. ती माझ्यावर सुरळीत चालली. चालणारच की.

बेबीनंदा खुर्चीत मागे टेकली. तिला थोडं वाईट वाटलं आणि थोडं हलकंही वाटलं. तिने परत एकदा चालवून पाहिलं, परत चाललं. मी आत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो. समोरच्या देवघरात, हाताच्या अंतरावर, माझं घड्याळ घटाच्या पाण्यात बुडालेलं होतं आणि त्याच्यापुढे अखंड दिवा तेवत होता.

ती कॅफेत गेली आणि तिने लिहिलं, "जुन्या यंत्रावर स्वतः तपासलं आहे. अडचण नाही. ओळी काढून टाका." दोन दिवसांत नवी आवृत्ती जगभर गेली.

अष्टमीला ती कॅफेतून परतली तेव्हा रागाने लाल झालेली होती. कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या शाळेतल्या मास्तरांनी थापीच्या लोकांना कळवलं होतं, की आमची जुनी यंत्रं नव्या थापीने मध्येच गच्च होतात. दुसऱ्याही दोघांनी तेच लिहिलं होतं. बेबीनंदाने मला परत चालू केलं. एफ-वन दाबलं. सगळं पुन्हा तसंच तपासलं. आणि मी पुन्हा तसाच सुरळीत चाललो.

"बराबर तर चालून राह्यलं!" ती धर्मराजला म्हणाली. "त्यांच्याच मशिनी खराब असतील. न्हाई तं त्यांला चालवता येत नसंल."

"मंग तसं लिही की जल्दी. भ्यायचं काहून?" धर्मराज म्हणाला.

तिने तसं लिहिलं. चारचौघांत, सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहिलं, की दोष थापीचा नाही, तुमच्या यंत्रांचा किंवा तुमचा आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तुम्ही शाळेत पाठ करता ना? आमच्याकडे तो कळसा देवघरात होता, इतकाच फरक.

दसऱ्याला घट उठला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते. विळा, कुऱ्हाड, धर्मराजचे पाने आणि आम्ही यंत्रं, सगळे ओळीने हळदीकुंकू लावून झेंडूच्या माळा घालून बसलो होतो. चतुराबाईंनी घटातलं पाणी घरभर शिंपडलं, सुपारी काढली आणि ओंजळीत सेल घेऊन लेकीपुढे आल्या. पाण्यात राहून तो काळा-तांबूस पडला होता.

"बेबी, हे कोन्च्या देशाचं नाणं हाय गं? तुह्या लोकांनी धाडल्तं का? म्या घटात घातल्तं. पर गंजलं बघ. परदेशाचा माल, आपल्या पान्यात टिकला न्हाई."

बेबीनंदाने सेल हातात घेतला. माझ्या उघड्या पोटाकडे पाहिलं. रिकामी खोबण पाहिली.  मित्रांनो, मला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही.

"कुठं घावलं माय?"

"झाडताना. तुह्या मशिनीपाशी पडल्तं. का गं? काही चुकलं का माहं?"

बेबीनंदाने आईकडे पाहिलं. त्या डोळ्यांना लेकीचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

"न्हाई माय. काहीच चुकलं न्हाई. जुनं नाणं हाय. पाठवल्तं कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी तिने गंजलेला सेल एका डब्यात ठेवला, घड्याळजीकडून नवा आणला, माझ्या खोबणीत चिंधी घालून घट्ट बसवला, तारीख लावली आणि वॉल्टरची साफसफाई पहिल्यांदा खरोखर तपासली. या वेळी थापी खरंच नव्याने बांधली गेली. ती चालवताच शेकडो फाइली एकदम माझ्या डोक्यात कोंबल्या गेल्या. माझा पंखा ओरडू लागला, आतली तबकडी घरघरली, पडदा थिजला आणि मी थांबलो.  मग तिने बटण दाबून मला बंद केलं.

खरं कारण लिहिलं असतं तर? मीही पुष्कळ विचार केला आहे. 'माझ्या आईने संगणकाचा सेल नाणं समजून देवीच्या घटात घातला,' हे त्या थंड देशांत बसलेल्या माणसांनी वाचलं असतं, आणि कुणीतरी हसलं असतं. कुणीतरी ते चार ठिकाणी सांगितलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बेबीनंदाने आईवर कुणाला हसू दिलं नाही. तिने लिहिलं, "मी नीट न तपासताच होकार दिला. ज्यांना मी दोष दिला त्यांची माफी मागते. कृपा करून त्या ओळी परत घ्या."

उत्तरं आली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांनी एवढंच लिहिलं, "तुमचं नाव होतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो." बाकीच्यांचं म्हणणं पडलं, की न तपासता तपासलं म्हणणाऱ्या माणसाकडे हे काम ठेवता येणार नाही. तिचं नाव काढण्यात आलं. आणि जुन्या यंत्रांवर तपासणारं आता कुणी उरलंच नाही, तर ज्या ओळी कुणी तपासू शकत नाही त्या ठेवायच्या कशाला? ओळी परत घेतल्या गेल्या नाहीत. सगळं कसं रीतसर झालं. बेबीनंदाने धर्मराजला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जाऊ दे. तसं बी ते फुकटचंच काम व्हतं." तो धीर द्यायलाच म्हणाला होता. पण त्यानंतर ती कॅफेत गेली नाही.

थापीने साथ सोडली, मग हळूहळू बाकीच्या प्रोग्रामांनीही सोडली. माझ्यासारख्यांसाठी कुणी काही बनवेना. बसस्थानकाजवळ नव्या यंत्रांचा क्लास निघाला, मुली तिकडे गेल्या. बेबीनंदा आता एका खताच्या दुकानात बिलं करते. मला तिने भंगारात घातलं नाही. घातलं असतं तर मी सुटलो असतो. ती मला उचलून मागच्या खोलीत ठेवून गेली, गोणी घातली आणि माझ्या पोटातला नवा सेल काढून आईच्या भिंतीवरच्या घड्याळाला चालतो का बघू लागली. चालला नाही. मग तो कुठे गेला, मला माहीत नाही.

मित्रांनो, साफसफाई वाईट नसते. घराची नाही आणि कामाचीही नाही. चतुराबाई, वॉल्टर, बेबीनंदा, कुणाच्याच मनात पाप नव्हतं. तिघांनी जे केलं ते चांगलं समजूनच केलं. म्हणून तर मला कुणावर रागावताही येत नाही. एवढंच मागतो: एखादी वस्तू, एखादी ओळ कुणाच्या उपयोगाची नाही असं वाटलं, तर ती उचलण्याआधी थांबा आणि ती कुणाच्या पोटातली आहे ते विचारा. आणि एखादं मुकं यंत्र रोज तेच वाक्य लिहीत असलं, तरी एखाद्या दिवशी ते शेवटपर्यंत वाचा. त्या दिवशी खाली एक ओळ जास्तीची असू शकते.

परवा पुन्हा घट बसले. इथून दिसत नाही, पण ऐकू येतं. चतुराबाईंना आता जवळजवळ काहीच दिसत नाही.

"बेबी, ते परदेशाचं नाणं कुठंय गं? दे इकडं. या साली बी घालते. लई दिस झाले, तुह्या लोकांचं नावच न्हाई काढलं तू. इसरले की काय तुला?"

डबा उघडल्याचा आवाज आला. मग चिंच लावून तांब्या घासतात तसा काहीतरी घासल्याचा आवाज आला, बराच वेळ.

"न्हाई माय, इसरले न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "घे. घाल."

आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा लहानसा आवाज मी ऐकला.